किल्टवरचं जाकीट

जावयांना मी आजवर जे जे कापड दिलं ते सगळं त्यांच्या कपाटात आहे. अंगावर कधी दिसलं नाही. पहिल्या धोंड्याला रेशमी झब्बा दिला, तो त्यांनी रात्री झोपताना घातला. दुसऱ्या धोंड्याला बंद गळ्याचा कोट दिला, त्यावर अजून दुकानाची चिठ्ठी आहे. मुलगी म्हणते, "आई, तो जपून ठेवतो गं." जपून ठेवायला मी काय दागिने दिलेत?

जावई इथलेच, कॅनडातले. गोरे, केप ब्रेटनकडचे. हॅलिफॅक्सहून पलीकडे डार्टमथला जी फेरीबोट जाते तिच्या इंजिनावर कामाला आहेत. माणूस वाईट नाही. बर्फ पडलं की न सांगता येऊन आमचा ड्राइव्हवे शोव्हल करून जातात, चहाही घेत नाहीत. मला 'आयी' म्हणतात. पण मुलीचं लग्न कोर्टात झालं, आम्हाला आदल्या आठवड्यात कळलं. त्यामुळे जावयाचा मान म्हणून जो काय करायचा तो राहूनच गेला. मग दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला की मी तो भरून काढायला बघते. अनारसे तळते, दिवा लावते, पाटावर बसवते, कपडे देते. अनारसे ते सगळे खातात. कपड्यांचं मी सांगितलंच.

मी सांगते आहे त्या वर्षी धोंड्याचा महिना मे महिन्याच्या मध्याला लागला. आधीच्या हिवाळ्यात जावयांचे वडील गेले होते. आणि जूनच्या सुरुवातीला त्यांच्या आईची, म्हणजे आमच्या विहीणबाईंची, सत्तरी होती. गावच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये, जेवण ठेवलं होतं. पत्रिका आली, तिच्यावर खाली छापलं होतं, सेमी-फॉर्मल. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं.

अशा जेवणात घरातला कर्ता पुरुष उभा राहून चार शब्द बोलतो आणि सगळे ग्लास वर करतात. आजवर ते वडील करायचे, किल्ट घालून, म्हणजे त्यांच्या स्कॉटिश पूर्वजांचा तो पुरुषांनी नेसायचा घागरा. आता थोरला मुलगा म्हणून जावयांनी करायचं होतं, वडिलांचाच किल्ट घालून. तसं त्यांच्या आईनेच सांगितलं होतं.

एका रविवारी मुलगी ते सगळं बोचकं घेऊन आमच्याकडे आली, कारण शिवणाचं मशीन माझ्याकडे, बेसमेंटमध्ये. किल्ट निळ्या-हिरव्या चौकड्यांचा, मधून पिवळी रेघ. जाड लोकर. निऱ्या सगळ्या मागे आणि पुढे सपाट, म्हणजे आपल्या लुगड्याच्या नेमकं उलटं. जावयांनी तो वॉशरूममध्ये जाऊन नेसला आणि बाहेर आले. कमरेला पट्टे असतात, ते शेवटच्या भोकापर्यंत सोडले आणि बसला. पुढे लटकवायची एक केसाळ पिशवी होती, सीलच्या कातड्याची.

आमचे हे पेपर बाजूला ठेवून बघत होते. म्हणाले, "समोर उंदीर का बांधलाय?"

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"विचारलं फक्त. आपल्याकडे कंबरेला चंची असते, तिला शेपटी नसते."

जावयांना मराठी कळत नाही, पण हसणं कळतं. तेही हसले. मग त्यांनी वडिलांचा कोट घालायला घेतला आणि हसणं थांबलं. व्याही वाळक्या अंगाचे होते. जावयांचे खांदे इंजिनाचं काम करून करून दाराएवढे झालेत. एक हात गेला, दुसरा कोपरात अडकला. मी आणि मुलगी दोघींनी ओढून तो काढला तेव्हा मुंढ्याची शिवण चर्रकन गेली. मी बघितलं, आत सोडायला जागाच नव्हती. शिंप्याने कापड वाचवलं होतं.

जावयांनी तो कोट स्वतः घडी घालून ठेवला. मग मला म्हणाले, इंग्रजीतच, पण मला तेवढं समजतं, "तिथे सगळे मला बघणार आणि डॅड आठवणार. मी नीट दिसलो नाही तर सगळ्यांना आधी तेच दिसेल, की हा बाप नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माणूस नवीन जागी उभा राहतो तेव्हा लोक आधी त्याचे कपडे बघतात. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा माझी इयत्ता चौथी कोणी विचारली नाही, लुगडं कितीचं ते विचारलं.

मी तिथेच ठरवलं. यंदाचा धोंड्याचा आहेर म्हणजे या किल्टवर घालायचं जे काय असेल ते. मी देणार आणि ते घालणार. त्यांची गरज, माझी हौस. कपाटात जायची सोयच नाही.

"पण घालतात काय याच्यावर?" मी मुलीला विचारलं.

"काहीतरी जॅकेट. आय डोन्ट नो, आई. सेमी-फॉर्मल."

इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. सेमी-फॉर्मल म्हणजे काय हे या देशात एकालाही ठाऊक नाही. पण छापतात सगळे. मुलगी म्हणाली, टाय आणि कोट. शेजारीण म्हणाली, टाय नको, कोट चालेल. जावयांच्या धाकट्या भावाला फोन केला, तो म्हणाला, काळा आखूड कोट, चांदीच्या बटणांचा, नाहीतर लोकांना वाटेल अंडी विकायला आलाय. विहीणबाईंना मुलीने फोन केला. त्या म्हणाल्या, धुतलेलं असलं म्हणजे झालं.

मग किल्टचे कपडे मिळतात त्या दुकानात गेलो. आम्ही दोघं, मुलगी आणि जावई. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "समारंभ दिवसाचा की संध्याकाळचा?" म्हणे दिवसा असला तर खरबरीत लोकरीचा कोट, सहानंतर असला तर काळा.

"पाच वाजता आहे," मुलगी म्हणाली.

"पाच," तो म्हणाला आणि दोन्ही कोटांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"पाचला सुरू होईल, नऊला संपेल."

"मग सांगता येत नाही."

मी मुलीला म्हटलं, "त्याला विचार, मध्ये कोट बदलायचा का?" तिने विचारलं नाही.

काळा कोट दिसायला रुबाबदार होता, नाही म्हणत नाही. पण संक्रांत सोडली तर मी सणावाराला काळं कधी कोणाला दिलेलं नाही, आणि धोंड्याच्या वाणात तर देणारच नाही. हे मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इट्स अ जॅकेट. तो पाटावर बसताना घालणार नाहीये." पण देताना मी हातात काळं धरायचं का? दुसरा तो खरबरीत कोट, तो गवताच्या रंगाचा होता आणि जावयांच्या पोटावर येऊन थांबत होता. भाड्याचे कोट होते, त्यांना दुसऱ्यांच्या घामाचा वास. जावई एकेक घालत होते, काढत होते आणि प्रत्येक वेळी "इट्स फाइन" म्हणत होते. ते फाइन म्हणतात तेव्हा त्यांना आवडलेलं नसतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

हे दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "अगं, साधा पांढरा शर्ट दे आणि मोकळी हो."

"शर्ट ते कुठेही घेतील. त्यात माझं काय?"

"म्हणजे जावयाला कपडे हवेत की तुला?"

मी पर्स उचलून दाराकडे निघाले. दुकानात भांडायला मला आवडत नाही.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. मागच्या खेपेला देशातून आणलेलं टसर रेशीम होतं, साईच्या रंगाचं, अंगचीच चमक असलेलं. कोणाच्या तरी झब्ब्यासाठी आणलं होतं. मी ठरवलं, याचं जाकीट शिवायचं. बिनबाह्यांचं, उभ्या कॉलरचं, आपल्याकडे लग्नात झब्ब्यावर घालतात तसं. खाली पांढरा शर्ट. दिवसाही चालेल, संध्याकाळीही चालेल, काळं नाही आणि खांदे अडकायला बाह्याच नाहीत. हॅलिफॅक्समधल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज मी शिवलेत. जाकीट काय अवघड?

जावयांना बोलावलं, मापं घेतली. खांदा, छाती, पोट, उंची. त्यांनी जीन्स घातली होती. चार दिवस बेसमेंटमध्ये बसून शिवलं. अस्तर लावलं, दोन खिसे ठेवले, काजं हाताने केली. डोळ्यांना आता त्रास होतो, तरी केली. ह्यांनी वरून दोनदा विचारलं, "जेवायला वर येणार की डबा खाली पाठवू?"

मग घालून बघायला बोलावलं. शर्ट, वर जाकीट, खाली किल्ट. जावई बाहेर आले आणि मुलीने तोंडावर हात ठेवला.

चूक माझी होती, पण ती आधी कोणी सांगायला हवी होती. पँट कमरेवर बसते. किल्ट बेंबीच्याही वर बसतो. मी उंची पँटवर घेतली, त्यामुळे जाकीट किल्टचा वरचा सगळा भाग झाकून खाली आलं, निऱ्यांवर चढलं आणि मागून छत्रीसारखं उभं राहिलं. पुढे त्या केसाळ पिशवीचा अर्धा भाग जाकिटाखालून डोकावत होता.

हे म्हणाले, "आता मात्र तो उंदीर बिळातून बघतोय."

मला इतका संताप आला की मी म्हटलं, "तुम्ही वर जा."

जावई म्हणाले, "आयी, इट्स फाइन."

"नॉट फाइन," मी म्हटलं. "रिमूव्ह."

"मी हेच घालेन," ते म्हणाले. "खरंच."

आता हे आणखी वाईट. माझं मन राखायला ते हे छत्रीचं सोंग घालून वडिलांच्या जागी उभे राहिले असते आणि सगळा गाव हसला असता. म्हणजे माझ्या हट्टापायी जे व्हायला नको तेच झालं असतं. मी टाचण्या घेतल्या आणि त्यांच्या अंगावरच खूण केली. चांगलं चार बोटं कापावं लागणार होतं. पण खिसे त्याच चार बोटांत होते.

टसर कापताना कात्रीचा आवाज वेगळा येतो. मला तो ऐकवत नव्हता, पण कापलं. खिसे गेले. खालची दोन बटणं गेली. पुढची टोकं तिरपी केली, म्हणजे पिशवीला जागा झाली. अस्तर पुन्हा आत वळवलं. पुन्हा घालून बघितलं तेव्हा ते बसलं. मी स्वतःचं कौतुक करत नाही, पण बसलं. मुलीने फोटो काढला. जावयांनी आरशात बघितलं आणि या वेळी फाइन म्हणाले नाहीत. पाठ ताठ करून नुसते उभे राहिले.

मी दिवा लावला, त्यांना पाटावर बसवलं, किल्टमुळे नीट मांडी घालता येईना म्हणून ते तसेच गुडघ्यावर बसले. कुंकू लावलं, जाकीट काढायला लावून घडी करून पुन्हा त्यांच्या हातात दिलं, वर अनारशांचं ताट. ते म्हणाले, "हेच ना, जे मी आत्ता घातलं होतं?" मुलगी म्हणाली, "डोन्ट आस्क."

वाटलं, संपलं. पण नाही. मग टायवरून सुरू झालं. जाकिटाला उभी कॉलर, टाय बसणार कुठे? धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, टायशिवाय सेमी-फॉर्मल होत नाही. मी म्हटलं, त्याला म्हणावं तू दोन घाल. मग मोज्यांवरून. गुडघ्यापर्यंतचे मोजे काळे की पांढरे की हिरवे? व्याह्यांचे पांढरे होते, टाचेला रफू केलेले, जावयांना तेच हवे होते. मुलगी म्हणाली, भोकं दिसतील. ते म्हणाले, बुटात कोण बघतंय? दोघं माझ्या स्वयंपाकघरात अर्धा तास मोज्यांवरून बोलत नव्हते. मी कुकर लावला. मोज्यांना मी हात लावत नाही.

शनिवारी सकाळी निघालो. पाच तासांचा रस्ता, अर्ध्या वाटेत धुकं. जाकीट मी मांडीवर घेऊन बसले होते, कोणी त्याच्यावर कॉफी सांडायला नको.

हॉलवर पोचलो आणि मी बघितलं. निम्मे पुरुष जीन्समध्ये. एकाच्या डोक्यावर मासेमारीची टोपी. एकजण किल्ट घालून आला होता, वर स्वेटर आणि खाली कामाचे बूट. ज्याने अंड्यांचं सांगितलं तो धाकटा भाऊ साध्या शर्टात, बाह्या दुमडून. मी मुलीला विचारलं, "सेमी-फॉर्मल कुठे आहे?" ती म्हणाली, "आई, प्लीज."

माझे ते सगळे दिवस, तो दुकानदार, ते चार बोटं टसर. कोणासाठी?

पण जेवणानंतर जावई उठले तेव्हा सगळ्यांनी खुर्च्या त्यांच्याकडे वळवल्या. त्यांनी चष्मा लावला, बशीखालचा कागद काढला, मग न वाचताच तो ठेवायला खिसा शोधला आणि खिसा नव्हता. तो मी कापला होता. कागद हातातच धरून ते बोलले. थोडंच बोलले. आईबद्दल बोलले, वडिलांचंही नाव घेतलं. टोपीवाल्याने टोपी काढली. सगळ्यांनी ग्लास वर केले. ह्यांनी माझ्या कानात म्हटलं, "दिसतोय बरं का." मीही बघत होते. दिसत होते. कोणीही बघून म्हणालं असतं की हा घरातला कर्ता आहे.

हे मला पुरलं असतं. खरं म्हणजे तिथून उठून घरी यायला हवं होतं. पण मग हॉलमध्ये नाच सुरू झाला, हीटरही चालू, गरम झालं. जावयांनी जाकीट काढलं आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. थोड्या वेळाने बघते तर विहीणबाईंनी ते घातलेलं. बाई उंच, रुंद हाडाची, निळ्या फ्रॉकवर माझं टसरचं जाकीट. या टेबलावरून त्या टेबलावर जात होत्या. बायका हात लावून बघत होत्या. कोणीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी लांबून माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांनी मला हात हलवले. मीही हलवला. दुसरं काय करणार?

निघायच्या वेळी मी मुलीला म्हटलं, "जाकीट घे."

ती म्हणाली, "त्यांनी ठेवून घेतलंय."

"ठेवून घेतलंय म्हणजे? ते जावयांचं वाण आहे. धोंड्याचं वाण विहिणीला देत नाहीत."

"आई, मी कसं मागू? बर्थडे आहे त्यांचा."

"बर्थडेला आपण शाल दिली आहे."

हे म्हणाले, "जाऊ दे ना, वाण पोचलं म्हणायचं. एका घरातच आहे."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही शिवलं नाही."

गाडीत जावई गाडी चालवत होते. गाव मागे पडलं. मग ते म्हणाले, "सॉरी, आयी. मी मॉमकडे मागितलं, ती देईना."

"का?" मी विचारलं.

ते इंग्रजीत बोलले आणि मुलीने मराठीत सांगितलं, जरी मला समजलं होतं. त्यांची आई म्हणाली होती, तू उभा राहिलास तेव्हा मला त्या किल्टकडे बघवेना. म्हणून मी सगळा वेळ त्या जाकिटाकडे बघत होते.

"मग बघायचं होतं," मी म्हटलं. "न्यायचं कशाला?"

यावर हे हसले आणि मुलगी चिडली. जावयांना मुलीने भाषांतर करून सांगितलं नाही. मला अजूनही राग आहे. विहीणबाईंनी सरळ मागितलं असतं तर मी त्यांना वेगळं शिवून दिलं असतं, बाईच्या मापाचं. खिशांसकट. त्या खांद्यांवर ते पुरुषी मापाचं जाकीट बगलेत फुगतं, मी बघितलं.

गाडीत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी मुलीला तिचा फोन काढायला लावला.

"आता? आई, त्या झोपल्या असतील."

"मग निरोप ठेव. टसर आहे म्हणावं. मशीनमध्ये टाकू नका. थंड पाण्यात, हाताने, आणि सावलीत वाळवा. पिळायचं नाही."

तिने ठेवला. मी ऐकत होते, तिने पिळायचं नाही हे सांगितलंच नाही. मी तिला पुन्हा फोन करायला लावला.